डिंगीनंतरची पहिली मोठी नाव: पळते कशी यापेक्षा थांबते कशी ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन हंगाम लेझर डिंगी (एकट्याने चालवायची, एकाच शिडाची छोटी नाव) चालवली, आता घरच्या तिघाचौघांना घेऊन एखादी रात्र पाण्यावर काढता येईल अशी सात-आठ मीटरची शिडाची नाव घ्यायची आहे. कील, म्हणजे नावेच्या तळाखालचा जड पंख, फिन हवा, लांब हवा की जोड, की सरळ दोन धडांची कॅटामरान घ्यावी, हे ठरत नाही. शिवाय डिंगीत शिकलेलं मोठ्या नावेत किती उपयोगी पडेल, ही शंका आहे.

शंकेचं उत्तर आधी देतो. शिडाला वारा कसा लागतो, झोत येण्याआधी पाण्यावर गडद चट्टा कसा सरकत येतो, टॅक करताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना, वेग का टिकवायचा, हे सगळं जसंच्या तसं उपयोगी पडेल. खरं तर मोठ्या नावेवरच थेट शिकलेल्या माणसाला ते कळायला फार वर्षं लागतात, कारण मोठी नाव चूक पोटात घालते आणि डिंगी तिथल्या तिथे पाण्यात फेकते. पण डिंगीने तुम्हाला लावलेली एक सवय मोठ्या नावेत घातक आहे. डिंगीत कधीही काहीही बिघडलं की शीट सोडून द्यायची, नाव थांबते. (नवख्यांसाठी: शीट म्हणजे शीड ओढायची दोरी. शीड आणि शीट या दोन शब्दांत आपल्याकडे पहिले काही दिवस हमखास गोंधळ होतो.) मोठी नाव अशी थांबत नाही. म्हणून माझा सल्ला हाच, की नाव निवडताना ती पळते किती, झोपायला जागा किती, हे नंतर पाहा. ती थांबते कशी, वळते कशी आणि थांबलेली असताना वागते कशी, हे आधी पाहा.

लेझरचं हल, म्हणजे नावेचं धड, ५९ किलोचं, शीड ७.०६ चौरस मीटरचं. डोलकाठी, सुकाणू, तुम्ही, असं सगळं धरून पाण्यावरचं वजन दीडशे किलोच्या आसपास. आठ मीटरची कीलबोट सामान आणि माणसांसह सहज तीन टनांची होते, म्हणजे वीसपट. वेग तोच असेल तर धडकेत जिरवावी लागणारी ऊर्जाही वीसपट. आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग निम्मा केला की ती एक चतुर्थांश होते. धक्क्याला नाव लावायची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. वारा नसताना तीन नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर) न्यूट्रलला टाकलेली अशी नाव स्वतःच्या सहा-सात लांबी निवांत पुढे जाताना मी पाहिली आहे. लेझर नाक वाऱ्यात घालून दोन-तीन लांबीत उभी राहते.

माझ्या पहिल्या कीलबोटीच्या पहिल्याच हंगामात मी वारा पाठीशी घेऊन धक्क्याकडे आलो. इंजिन न्यूट्रल केलं आणि डिंगीच्याच हिशेबाने वाट पाहत बसलो. नाव थांबली नाही. उलटं गिअर टाकलं तेव्हा उशीर झाला होता, आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या माझ्या मित्राने धक्का आणि नाव यांच्यामध्ये पाय घातला. घोट्याचं हाड मोडलं. नावेला एक ओरखडा पडला होता, तो मी नंतर अर्ध्या तासात घासून काढला. मित्राला तीन महिने लागले. तेव्हापासून माझ्या नावेत चढणाऱ्या प्रत्येकाला पहिली सूचना असते ती हीच, की नाव आपटली तरी चालेल, पण हात किंवा पाय मध्ये घालायचा नाही. फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी फुगीर उशी, घाला. फेंडर नसेल तर आपटू द्या.

आता नावांच्या प्रकारांकडे येतो.

कील म्हणजे नुसता खाली लटकवलेला भार नव्हे. ती दोन कामं करते. एक, तिच्यातलं शिसं किंवा लोखंड नावेला उभं ठेवतं. आपल्या जुन्या शब्दात सांगायचं तर ते नीरम. दुसरं, ती पाण्यातला पंख असते. शीड नावेला पुढे ढकलतं त्याहून जास्त आडवं ढकलतं, आणि तो आडवा रेटा कील पाण्याला धरून झेलते. पण पंख चालायला त्यावरून पाणी वाहावं लागतं. वेग पडला की कील पकड सोडते आणि नाव वाऱ्याबरोबर आडवी सरकते. सुकाणूचंही तसंच, पाणी वाहत नसेल तर तो नुसता फळा. मोठ्या नावेत धक्क्याजवळ होणाऱ्या बहुतेक गडबडींच्या मुळाशी हेच असतं. माणूस घाबरून वेग फार कमी करतो, कील आणि सुकाणू दोन्ही झोपतात, वारा नाळ ढकलून बाजूला नेतो, आणि मग तो घाबरून एकदम इंजिन वाढवतो.

फिन कील अरुंद आणि खोल असते, सुकाणू तिच्यापासून सुटा, अगदी मागे. अशी नाव चपळ असते, जवळजवळ स्वतःच्या लांबीत वळते, वाऱ्याकडे चांगली चढते, म्हणजे वारा येतो त्या दिशेला तिरकी जाऊ शकते, आणि उलट्या गिअरमध्ये थोडा वेग आला की समजूतदारपणे चालते. किंमत अशी, की पंख लहान असल्यामुळे त्याला वेग जास्त लागतो. दीड नॉटच्या खाली आडवा वारा असताना फिन कीलची नाव झाडाच्या पानासारखी सरकू लागते. शिवाय मासेमारीच्या दोऱ्या कील आणि सुकाणूच्या मधल्या जागेत अडकतात, आणि सुट्या सुकाणूला तळ लागला तर तो वाकू शकतो. लोक विचारत नाहीत अशी एक गोष्ट सांगून ठेवतो. काही नव्या नावांना मागे दोन सुकाणू असतात. कललेल्या अवस्थेत ते उत्तम पकडतात. पण इंजिनाचा पंखा मध्यभागी असल्यामुळे त्याने मागे फेकलेलं पाणी दोघांपैकी एकावरही पडत नाही. एकाच सुकाणूच्या नावेत उभ्या उभ्या टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, फिरवून इंजिनाचा छोटा झटका दिला की मागची बाजू वळते. दोन सुकाणूंच्या नावेत ती युक्ती चालत नाही.

लांब कील नावेच्या तळाच्या मोठ्या भागावर पसरलेली असते आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला बिजागऱ्यांनी लावलेला असतो. ही नाव एकदा दिशेला लागली की लागली. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती अशाच लांब तळाच्या ‘स्प्रे’मधून, आणि सुकाणू बांधून ठेवला की ती तासन्‌तास स्वतःहून मार्ग धरून राही. आजही एकट्याने जग फिरण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत लांब कीलच्या जुन्या आराखड्याच्या नावाच चालतात. २०२३ मध्ये भारताचे अभिलाष टॉमी त्या शर्यतीत दुसरे आले ती ३६ फुटी नाव याच जातीची होती. तेव्हा खुल्या समुद्रात या नावांचा स्वभाव सोन्यासारखा आहे. पण तुम्ही विचारताय ते आठवड्याच्या सुटीचं सेलिंग, जिथे दर फेरीला दोनदा तरी धक्का किंवा नांगर आहे. तिथे लांब कील वळायला जागा मागते, टॅकमध्ये सावकाश फिरते, आणि उलट्या गिअरमध्ये तिची मागची बाजू कुठे जाईल हे तुम्ही ठरवत नाही, पंखा ठरवतो.

पंखा ठरवतो म्हणजे काय? पुढे जाताना, मागून पाहिल्यास, घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा उलट्या गिअरमध्ये मागची बाजू डावीकडे ओढतो. याला प्रॉप वॉक म्हणतात. सगळ्याच नावांत तो कमीजास्त असतो, लांब कीलमध्ये ठळक दिसतो. हा दोष समजू नका. तुमची नाव कुठे ओढते ते माहीत असेल तर धक्का त्या बाजूला ठेवून या; शेवटी उलटं गिअर टाकलंत की नाव थांबतेही आणि मागची बाजू आपसूक धक्क्याला टेकते. नवी नाव हातात आली की बांधलेल्या अवस्थेतच उलटं गिअर टाकून मागे पाहा. ढवळलेलं पाणी ज्या बाजूने बाहेर येतं त्याच्या विरुद्ध बाजूला ती ओढणार.

जोडकील, म्हणजे मध्यरेषेच्या दोन बाजूंना दोन आखूड कील. भरती-ओहोटीचा फरक मोठा असलेल्या उथळ खाड्यांत तिला तोड नाही, कारण ओहोटीत ती चिखलावर सरळ उभी राहते. वाऱ्याकडे मात्र फिनइतकी चढत नाही. तुमच्या नांगराच्या जागी पाणी आटत असेल तर विचार करा, नाहीतर नको. वर उचलता येणारी कीलही असते. ती मला आवडते, पण तिची पेटी, बिजागरी, तार हे सगळं दरवर्षी तपासावं लागतं आणि पहिल्या नावेत हे काम अंगावर घेऊ नये असं मला वाटतं.

कॅटामरानबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचा सूर तिकडे झुकलेला दिसतो. शब्द तमिळ, ‘कट्टुमरम’, बांधलेले ओंडके. दोन हलांची जी नाव आज आपण त्या नावाने ओळखतो तिची परंपरा मात्र पॅसिफिकच्या बेटांवरची. आपल्या उलांडीच्या होडीतही तेच तत्त्व आहे, स्थैर्य वजनातून नव्हे तर रुंदीतून. खाली शिसं नाही म्हणून नाव हलकी आणि वेगवान, कलत नाही म्हणून मुलं आणि वडीलधारी माणसं खूश. दोन हलांत दोन इंजिनं असतील तर एक पुढे, एक मागे करून जागच्या जागी फिरते. धक्क्याजवळ तिच्याइतकी आज्ञाधारक नाव दुसरी नाही. थांबतेही पटकन, कारण वजनाच्या मानाने पाण्याला घासणारा पृष्ठभाग मोठा.

पण पटकन थांबणं टॅकमध्ये आड येतं. जोर साठवलेला नसतो, त्यामुळे नाक वाऱ्यात येताच ती अडकू शकते. तेव्हा जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, शीट सोडण्याची घाई करायची नाही. जिब उलट्या बाजूला वाऱ्याने फुगू द्यायची, ती नाळ ढकलून पलीकडे नेते, मग सोडायची. डिंगीत तुम्ही हे केलं नसेल, कारण लेझरला जिबच नाही. दुसरी अडचण वाऱ्याला लागणाऱ्या आकाराची. पाण्याबाहेर उंच भिंत, पाण्याखाली फारसं काही नाही; आडव्या वाऱ्यात हळू चाललेली कॅटामरान आश्चर्य वाटेल इतकी सरकते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कीलबोट वारा वाढला की कलते. कलली की शिडातून वारा सांडतो आणि सुकाणू जड होतो, तुम्हाला आपोआप कळतं. कॅटामरान काही सांगत नाही. तिचं सावरण्याचं बळ अगदी थोड्या कलण्यात शिगेला पोचतं आणि वाऱ्याकडच्या बाजूचं हल पाण्यातून उचललं गेल्यावर ते कमीच होत जातं. उलटली तर उलटी स्थिर राहते, परत उठत नाही. चांगली कीलबोट नव्वद अंशांपर्यंत आडवी झाली तरी शिशाच्या भाराने उठते. म्हणून कॅटामरानमध्ये शीड कमी करायचा निर्णय अंगात जाणवतं तेव्हा घ्यायचा नसतो, वाऱ्याच्या मापकावरचा आकडा पाहून घ्यायचा असतो. मोठ्या, सहलीच्या कॅटामरान सहसा उलटत नाहीत हे खरं. पण सात-आठ मीटरच्या आकारात सामानाचं वजन तिला सोसत नाही. चार माणसं, पाणी, अन्न, नांगराची साखळी एवढं भरलं की हलं बसतात, वेग जातो आणि मधल्या पुलाला खालून लाटा आपटू लागतात. या लांबीत मी कॅटामरान घेणार नाही. दहा-अकरा मीटरचा विचार असता तर उत्तर वेगळं दिलं असतं.

तेव्हा माझं मत: साडेसात मीटरच्या आसपासची, मध्यम खोलीची फिन कील, एकच सुकाणू, आणि चाकाऐवजी टिलर. टिलरचा आग्रह यासाठी, की तुमच्या हाताला दोन वर्षांत जी भाषा कळू लागली आहे ती टिलरमधून येते. चाकातून ती पुसट होते. वेगाची फार चिंता करू नका. पाणरेषेची लांबी सात मीटर असेल तर अशा नावेचा नैसर्गिक वेग साधारण ६.४ नॉट, म्हणजे ताशी बारा किलोमीटर. हा वेग पाणरेषेच्या वर्गमुळाने ठरतो आणि तेवढ्या लांबीच्या सगळ्या जड नावा तिथेच येऊन अडखळतात. त्यापुढे शीड वाढवलंत तर नाव पळत नाही, नुसती कलते.

कलण्यावरून आठवलं. तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ होती, मित्राच्या कीलबोटीवर झोत आला की नाव स्वतःहून वाऱ्याकडे वळत होती आणि टिलर दोन्ही हातांनी आवरेना. हा वेदर हेल्म. नाव कलली की शिडाचा रेटा नावेच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला जातो आणि तिथून नावेला वाऱ्याकडे फिरवतो. शिवाय कललेल्या हलचा पाण्यातला आकार असमान होतो, तोही तिकडेच वळवतो. टिलर आणखी ओढून हे सुटत नाही. पाच-सात अंशांपलीकडे वळवलेला सुकाणू मुख्यतः ब्रेक असतो, आणि फार वळवला तर पाण्याची पकड सुटून नाव गर्रकन वाऱ्यात जाते. आधी मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, थोडं सोडा. ट्रॅव्हलर, म्हणजे मेनसेलची शीट आडवी सरकवायची पट्टी, असेल तर तो खालच्या, म्हणजे वारा जातो त्या, बाजूला सरकवा. तरी दर झोताला तेच होत असेल तर शीड जास्त आहे. रीफ घ्या, म्हणजे शिडाचा काही भाग गुंडाळून ते लहान करा.

रीफ घेण्यात लाज वाटून घेणारे खूप पाहिले. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा नॉटचा चौदा झाला तर कानाला फारसा फरक कळत नाही, पण शिडावरचा रेटा जवळजवळ दुप्पट झालेला असतो. वारा पाठीशी असताना तर आणखी फसगत होते. खरा वारा पंधरा नॉट, नाव सहा नॉटने त्याच्याबरोबर चालली आहे, तर अंगाला लागतो फक्त नऊ. ऊन छान, पाणी सपाट वाटतं. परतायला नाक वळवलं की तोच वारा वीस नॉटच्या आसपास होऊन तोंडावर येतो. म्हणून वळण्याआधी रीफ घ्यायची, वळल्यावर नाही. पाण्यावर पांढरे तुरे बऱ्यापैकी दिसू लागले की वारा बोफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या मापाच्या, चौथ्या पायरीवर, ११ ते १६ नॉटवर, आला असं समजा. पहिल्या हंगामात तुमच्या नावेने पहिली रीफ तिथेच घेतलेली बरी, विशेषतः घरचे सोबत असतील तर.

दोऱ्यांचा ताण हा दुसरा बदल. लेझरची शीट तुम्ही नुसत्या हातात धरता. साडेसात मीटरच्या नावेत भर वाऱ्यात जिबची शीट हाताने धरायचा प्रयत्न केलात तर तळव्याची साल निघेल. ती विंचवर, म्हणजे दोरी गुंडाळून ताणायच्या छोट्या रहाटावर, असते. सोडताना आधी विंचवरच्या वेटोळ्यांवर तळहात दाबून थोडी सरकू द्यायची, मगच वेटोळी वर उचलून काढायची. बोटं विंच आणि दोरी यांच्यामध्ये कधीही जाऊ द्यायची नाहीत, आणि हाताला दोरी गुंडाळून ओढायची नाही. बूमबद्दलही, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीबद्दलही, असंच. लेझरचं बूम डोक्यावर आपटलं तर टेंगूळ येतं. मोठ्या नावेच्या अनपेक्षित जाइबमध्ये, म्हणजे वारा मागून असताना शीड एकदम दुसऱ्या बाजूला फेकलं गेलं तर, माणूस जिवानिशी जाऊ शकतो. सरळ पाठीवर वारा घेऊन जाऊ नका, थोडा तिरका ठेवा, आणि बूम पुढे बांधून ठेवणारी दोरी, प्रिव्हेंटर, लावायला पहिल्याच महिन्यात शिका.

आता थांबण्याच्या सरावाकडे येतो. नाव घेतल्यावर पहिले तीन दिवस कुठेही जाऊ नका. मोकळ्या पाण्यात एक फेंडर टाका आणि तो धक्का आहे असं समजून त्याच्यापाशी थांबा. पुढून, मागून, वाऱ्याविरुद्ध, वाऱ्याबरोबर. न्यूट्रल केल्यापासून नाव किती लांबी जाते ते मोजून लिहून ठेवा. मग इंजिन बंद करून नाव नुसती सोडून द्या आणि बघत बसा. बहुतेक फिन कीलच्या नावांची नाळ आपोआप वाऱ्यापासून दूर पडते आणि मागची बाजू वाऱ्याकडे येते. म्हणजे अडचणीच्या जागी हिला नाक वाऱ्यात ठेवून उभं करणं अवघड, पण मागची बाजू वाऱ्यात ठेवून उलट्या गिअरवर ती कितीतरी वेळ शांत उभी राहील. हे एकदा कळलं की गर्दीत वाट पाहायची वेळ आली तरी छाती धडधडत नाही.

धक्क्याला येताना वारा आणि प्रवाह यांतला जो जोरदार असेल त्याच्या विरुद्ध या. तो तुमचा ब्रेक. प्रवाहाविरुद्ध सुकाणूवरून पाणी वाहत राहतं, म्हणजे जमिनीच्या हिशेबात तुम्ही थांबलेले असता आणि तरी नाव हुकमात असते. पहिली बांधायची ती नाळेची दोरी नव्हे. नाळ आधी बांधली की मागची बाजू बाहेर झुलते आणि शेजारच्या नावेवर जाते. नावेच्या मध्यावरून एक आखूड दोरी धक्क्यावर, थोडी मागच्या बाजूला, अडकवा आणि इंजिन अगदी हळू पुढे चालू ठेवा. त्या एका दोरीवर नाव धक्क्याला चिकटून उभी राहते. टिलर थोडा इकडेतिकडे करून नाळ आत-बाहेर करता येते. मग बाकीच्या दोऱ्या सावकाश बांधा. दोनच माणसं असतील तर ही मधली दोरी अर्धं काम करते. आणि उडी मारून धक्क्यावर जाणारा सोबती नको. पाऊल टाकून उतरता येत नसेल तर नाव अजून पोचलेली नाही, पुन्हा फेरी घ्या. फेरी घेण्यात कमीपणा नाही, मी अजूनही घेतो.

शिडावर थांबण्याचीही एक रीत आहे, आणि ती मला सगळ्यांत प्रिय आहे. हीव्ह टू. जिबची शीट न सोडता टॅक करा. जिब उलटी फुगते आणि नाळ वाऱ्यापासून दूर ढकलू पाहते. मेनसेल थोडं सैल करा, टिलर खालच्या बाजूला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, ढकलून बांधा. तो नावेला वाऱ्याकडे वळवू पाहतो. दोन ओढी एकमेकींना तोलतात, आणि मघापासून आदळआपट करणारी नाव एकाएकी शांत होते, तासाला एक-दोन मैल तिरकी सरकत राहते. रीफ घ्यायची आहे, कुणाला उलटी होतेय, नकाशा पाहायचा आहे, जेवायचं आहे, तर हीव्ह टू करा. लांब कीलच्या नावा हे पटकन करतात. फिन कीलवर मेनसेल आणि टिलरचं नेमकं प्रमाण शोधायला एक दुपार जाईल. काही अगदी अरुंद कीलच्या नावा नीट करतच नाहीत. चाचणीच्या दिवशी हे करून पाहिल्याशिवाय नाव घेऊ नका.

माणूस पाण्यात पडला तर हेच कौशल्य उपयोगी येतं. डिंगीत पडलं तर हसत वर चढतात. इथे नाव पाच नॉटने चालली असेल तर अर्ध्या मिनिटात पंचाहत्तर मीटर पुढे गेलेली असते आणि लाटांत डोकं दिसेनासं होतं. एकाने फक्त बोट दाखवत राहायचं, नजर हटवायची नाही. तुम्ही लगेच नाव वाऱ्यात घालून टॅक करा, जिब उलटीच ठेवा, वेग मोडा. परत जवळ येताना शेवटचा टप्पा असा निवडा की वारा पुढून, साधारण साठ अंशांवरून, येत असेल. तिथे शीट सोडली की शीड रिकामं होतं आणि ओढली की चालतं, म्हणजे वेग तुमच्या मुठीत. वारा पाठीशी घेऊन कधीच येऊ नका, तिथे शीट सोडून नाव थांबत नाही. जवळ पोचल्यावर खरं काम सुरू होतं. भिजलेल्या माणसाला उंच काठावरून वर घेणं दोघांनाही जमत नाही. शिडी, नाहीतर शीड चढवायच्या दोरीला लावलेली कप्पी, याची तालीम किनाऱ्यावरच करा.

लाइफ जॅकेटही बदलावं लागेल. डिंगीत तुम्ही ५० न्यूटनचं घालत असाल, ते पोहणाऱ्या शुद्धीवरच्या माणसासाठी असतं. मोठ्या नावेवर १५० न्यूटनचं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवू शकेल असं घ्या, आणि रात्री किंवा खराब हवेत नावेला बांधून ठेवणारा पट्टाही.

नावेवर विश्वास ठेवण्याबद्दल एक इतिहास सांगतो, कारण तुमच्या घरच्यांना उलटण्याची भीती आहे असं तुम्ही लिहिलंय. इंग्लंडहून निघणाऱ्या फास्टनेट या समुद्री शर्यतीत १९७९ साली ३०३ नावा निघाल्या, वादळात सापडल्या, १५ स्पर्धक दगावले. माणसांनी २४ नावा सोडून दिल्या; पण प्रत्यक्ष बुडाल्या पाच. सोडलेल्यांतल्या बाकीच्या पुढे तरंगत्या सापडल्या. त्या शर्यतीनंतर नावा किती अंशांपर्यंत आडव्या होऊन सावरू शकतात, यावर गंभीर अभ्यास झाला आणि आज तो आकडा बहुतेक कारखान्यात बनलेल्या नावांसाठी मिळतो. विकणाऱ्याकडे मागा. किनाऱ्याजवळच्या सेलिंगला त्याची गरज क्वचित पडेल, पण घरच्यांना दाखवायला तो चांगला आहे.

रस्त्याच्या नियमांतलं तुम्हाला बहुतेक येतं. डावीकडून वारा घेणाऱ्याने उजवीकडून वारा घेणाऱ्याला वाट द्यायची, एकाच बाजूने वारा असेल तर वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या, नावेने खालच्या नावेला द्यायची. मोठ्या नावेत भर पडते ती इंजिनाची. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इंजिन नावेला ढकलत असेल तर शिडं वर असली तरी तुम्ही मोटरबोट, शिडाच्या नावेचा मान मिळत नाही. आणि अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाच्या आड यायचं नाही, तुम्ही शिडावर असलात तरी. त्याला थांबायला एक मैल किंवा त्याहून जास्त पाणी लागू शकतं.

चाचणीच्या दिवसासाठी एवढं लक्षात ठेवा. विकणारा तुम्हाला आडव्या वाऱ्यात झकास पळवून दाखवेल, केबिन दाखवेल. ते होऊ द्या. मग टिलर स्वतः घ्या, तीन नॉटवर न्यूट्रल करायला सांगा आणि लांबी मोजा. उलटं गिअर टाकून मागची बाजू कुठे जाते ते पाहा. शिडं वर असताना दोन्ही शीट सोडून द्या आणि नाव कुठे तोंड करते ते बघा. हीव्ह टू करा आणि पाच मिनिटं गप्प बसा. लेझर विकण्याची घाई करू नका. कीलबोटीवर महिनाभर गेल्यावर हाताची भाषा बोथट होऊ लागते, तेव्हा एक दुपार लेझर काढायची.